डीएसएलआर घ्यावा की सुपरझूम? पहिला कॅमेरा घेणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोबाइलनंतरचा पहिला कॅमेरा घ्यायला निघालेल्या माणसापुढे अजूनही बहुतेक वेळा हेच दोन पर्याय ठेवले जातात: लेन्स बदलता येणारा प्राथमिक डीएसएलआर, किंवा कायमची जोडलेली, पण फार लांबचे जवळ आणणारी लेन्स असलेला सुपरझूम. पक्षी पाहण्याच्या निमित्ताने मी दोन्ही प्रकारचे कॅमेरे वापरले आहेत, आणि सोबतची मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. उदाहरणे बहुतांशी महाराष्ट्रातल्या जागांची आहेत, कारण आपण कुठे, कशाचे आणि किती उजेडात फोटो काढणार हे माहीत असल्याशिवाय या प्रश्नाला उत्तर देता येत नाही.

या दोन प्रकारांत मूळ फरक कोणता?

सेन्सरच्या आकाराचा. कॅननच्या प्राथमिक डीएसएलआरमध्ये सेन्सर सुमारे २२.३ × १४.९ मिमी असतो. निकॉनच्या डी३५०० सारख्या कॅमेऱ्यात तो किंचित मोठा, सुमारे २३.५ × १५.६ मिमी असतो. बहुतेक सुपरझूम कॅमेऱ्यांत मात्र तो जेमतेम ६.२ × ४.६ मिमीचा, म्हणजे करंगळीच्या नखाहूनही लहान असतो. क्षेत्रफळ काढले तर एकीकडे सुमारे ३३० चौरस मिमी आणि दुसरीकडे २८, जवळजवळ बारापट. आरसा, बदलता येणारी लेन्स, शटरचा आवाज हे फरक आधी जाणवतात, पण फोटोत दिसणारा फरक मुख्यतः या बारापटीतून येतो. सुपरझूमला जे दूरचे पाहणे साधते, तेसुद्धा सेन्सर लहान असल्यामुळेच साधते.

सुपरझूमवर ‘६५ एक्स’ किंवा ‘८३ एक्स’ लिहिलेले असते. डीएसएलआरवर असा आकडा का नसतो?

‘एक्स’चा आकडा म्हणजे लेन्सची सर्वांत मोठी लांबी (म्हणजे मिमीत दिलेले नाभीय अंतर) भागिले सर्वांत लहान लांबी, एवढेच. डीएसएलआरसोबत मिळणारी १८-५५ मिमीची लेन्स या हिशेबाने तीनपट झूम ठरते, आणि ५५-२५० मिमीची लेन्स साडेचारपट. या आकड्यावरून दूरची वस्तू किती मोठी दिसेल हे कळत नाही. त्यासाठी ३५ मिमी फिल्मच्या तुलनेतली लांबी पाहावी लागते: डीएसएलआरवर ५५-२५० लेन्स पूर्ण ताणली की ती कॅननवर ४०० मिमीच्या तोडीची होते; २०१८ साली आलेला कॅनन पॉवरशॉट एसएक्स७० एचएस १३६५ मिमीपर्यंत जातो; २०१५ चा निकॉन कूलपिक्स पी९०० २००० मिमीपर्यंत आणि २०१८ चा पी१००० थेट ३००० मिमीपर्यंत पोहोचतो. दुकानात ‘किती एक्स?’ असे विचारण्याऐवजी ‘किती मिमीपर्यंत?’ असे विचारावे.

इतक्या लहान कॅमेऱ्यात १३६५ मिमीची लेन्स मावते कशी?

ती मावत नाही. एसएक्स७० च्या लेन्सचे खरे नाभीय अंतर पूर्ण झूमला २४७ मिमी आहे, म्हणजे डीएसएलआरच्या ५५-२५० लेन्सइतकेच. पाण्याकाठच्या फांदीवर बसलेल्या एकाच खंड्याकडे दोन्ही कॅमेरे रोखले, तर दोन्ही सेन्सरांवर पडणारी त्याची प्रतिमा सारख्याच आकाराची असते. डीएसएलआरच्या मोठ्या सेन्सरवर खंड्याच्या भोवती पुष्कळ फांद्या आणि आकाशही मावते. सुपरझूमचा सेन्सर इतका लहान, की तेवढ्या खंड्यानेच चौकट भरून जाते. शिवाय त्या एवढ्याशा जागेत दोन कोटी पिक्सेल बसवलेले असल्यामुळे त्याच्या पिसांवर डीएसएलआरपेक्षा सुमारे दहापट अधिक पिक्सेल पडतात.

येथे एक खबरदारी घ्यावी लागते. लेन्सच्या छिद्रातून जाताना प्रकाश किंचित पसरतो, आणि एफ/६.५ या छिद्राला (‘एफ’चा आकडा म्हणजे नाभीय अंतर भागिले छिद्राचा व्यास; आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे) प्रकाशाचा बिंदू सेन्सरवर सुमारे साडेआठ मायक्रॉन, म्हणजे मिमीचे साडेआठ हजारांश, व्यासाचा होऊन पडतो. सुपरझूमचा पिक्सेल जेमतेम १.२ मायक्रॉनचा असतो. म्हणजे एकच ठिपका अनेक पिक्सेलांवर फासला जातो आणि पूर्ण झूमला त्या दोन कोटी पिक्सेलांमध्ये दोन कोटी पिक्सेलांचा तपशील नसतो. तरीही जो उरतो तो डीएसएलआरच्या फोटोतला लहानसा तुकडा कापून मोठा केल्यावर मिळणाऱ्या तपशिलापेक्षा बऱ्याचदा जास्त असतो.

डीएसएलआरचा फोटो कापून मोठा केला तर चालणार नाही का?

काही मर्यादेपर्यंत उत्तम चालते. २४ मेगापिक्सेलच्या फोटोचा मधला पाव भाग ठेवला, तर ४०० मिमीची लेन्स ८०० मिमीसारखी दिसते आणि ६ मेगापिक्सेल शिल्लक राहतात; ते १० इंच रुंद छपाईला पुरतात. १३६५ मिमीच्या तोडीस तोड कापायचे म्हटले तर मात्र हाती जेमतेम २ मेगापिक्सेल उरतात. मोबाइलवर पाठवायला तेवढे पुरेसे आहेत, भिंतीवर लावायला नाहीत.

मग नेमके कोणत्या गोष्टीवरून ठरवायचे?

माझ्या अनुभवात एकच हिशेब सर्वांत उपयोगी पडला आहे. डीएसएलआरला २५० मिमीची लेन्स लावली, की चौकटीत मावणारी रुंदी ही आपल्यापासूनच्या अंतराच्या सुमारे अकराव्या हिश्श्याइतकी असते: ११ मीटरवर १ मीटर, २२ मीटरवर २ मीटर. एसएक्स७० ला पूर्ण झूमवर तीच १ मीटर रुंदी ४० मीटरवरून मिळते आणि पी९०० ला सुमारे ५८ मीटरवरून.

आता आपल्याला ज्याचे फोटो काढायचे आहेत ते मनात आणावे. नेहमी दिसणारा पांढऱ्या गळ्याचा खंड्या सुमारे २८ सेंमी लांब असतो आणि तो माणसाला क्वचितच १५ मीटरच्या आत येऊ देतो. तेवढ्या अंतरावर डीएसएलआरच्या चौकटीची रुंदी सुमारे १ मीटर ३५ सेंमी भरेल, म्हणजे पक्षी त्यातला पाचवा हिस्सा व्यापेल. येथे सुपरझूमला वाव आहे. भीमाशंकरच्या जंगलातले शेकरू मात्र शेपटीसह जवळजवळ मीटरभर लांब असते. १५ मीटरवरच्या फांदीवर ते दिसले तर डीएसएलआरची चौकट बऱ्यापैकी भरते. अशा वेळी सुपरझूमच्या लांबीचा काही उपयोग उरत नाही, कारण शेकरू पूर्ण मावण्यासाठी आपल्याला झूम मागे घेऊन ४०० मिमीच्या आसपासच यावे लागते.

थोडक्यात, तुमचा विषय ४०० मिमीमध्ये चौकट भरत असेल तर डीएसएलआर, आणि तो कायम त्याच्या पलीकडे राहत असेल तर सुपरझूम. पुढच्या बहुतेक उत्तरांच्या मुळाशी हीच सीमारेषा आहे.

कमी उजेडात डीएसएलआरच चांगला, हे सरसकट खरे आहे का?

या सीमारेषेच्या अलीकडे ते निर्विवाद खरे आहे. वरचेच शेकरू घ्या. डीएसएलआरच्या २५० मिमी लेन्सचे छिद्र एफ/५.६ ला सुमारे ४५ मिमी व्यासाचे असते; पी९०० वर झूम मागे घेऊन ४०० मिमीच्या तोडीला आणले की त्याच्या लेन्सचे प्रत्यक्ष छिद्र सुमारे १५ मिमीचे उरते. व्यासात तिप्पट म्हणजे प्रकाशात जवळपास नऊपट फरक. भीमाशंकरच्या झाडांच्या दाट छताखाली सकाळी दहालासुद्धा अंधार असतो, आणि तेथे आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) ३२०० वर काढलेला डीएसएलआरचा फोटो स्वच्छ येतो, तर सुपरझूमच्या फोटोत केसांचा तपशील पुसला जाऊन पाण्यात भिजलेल्या रंगासारखा दिसतो.

सीमारेषेच्या पलीकडे मात्र चित्र बदलते, आणि हे फारसे कोणी सांगत नाही. पूर्ण झूमला पी९०० च्या लेन्सचे खरे नाभीय अंतर ३५७ मिमी आणि छिद्र एफ/६.५ असते; म्हणजे छिद्राचा व्यास सुमारे ५५ मिमी झाला, डीएसएलआरच्या त्या लेन्सपेक्षा मोठा. दूरच्या पक्ष्याकडून येणारा प्रकाश गोळा करण्यात येथे सुपरझूम मागे नाही, थोडा पुढेच आहे. ‘लहान सेन्सर म्हणजे नेहमीच वाईट फोटो’ असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा.

भिगवणला रोहित पक्षी पाहायला जायचे आहे. कोणता कॅमेरा न्यावा?

उजनी धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात सुपरझूमला अनुकूल असे जवळजवळ सगळेच असते: उघडा स्वच्छ उजेड, पाण्यात शांतपणे चरणारे मोठे पक्षी आणि जवळ जाता न येणारे अंतर. नावाडी समंजस असेल तर तो होडी थव्यापासून बऱ्याच अंतरावर थांबवतो, आणि तो थांबला नाही तर आपण त्याला थांबायला सांगावे. रोहित पक्ष्यांचे खाणे मोडून, त्यांना उडवून काढलेला फोटो कितीही सुंदर आला तरी तो घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. लांब पल्ल्याच्या कॅमेऱ्याचा सर्वांत मोठा गुण हाच, की त्याच्यामुळे आपल्याला पुढे सरकण्याचा मोह होत नाही. घरट्यांच्या बाबतीत तर लांबच्या झूमनेही थांबून राहू नये. पिलांकडे जाणारे आईबाप आपल्यामुळे अडकून पडतात.

दोन व्यावहारिक सूचना. होडी डुलत असल्यामुळे ट्रायपॉड निरुपयोगी ठरतो; काठावर तांदूळ किंवा मूग भरलेली कापडी पिशवी ठेवून तिच्यावर लेन्स टेकवावी. आणि सकाळी नऊ-दहानंतर पाण्यावरची हवा तापून थरथरू लागली की लांबचा प्रत्येक फोटो लाटेसारखा वेडावाकडा येतो. त्यावर कोणत्याही कॅमेऱ्यात इलाज नाही. सूर्य उगवण्याच्या सुमारास पाण्यावर असावे.

उडणाऱ्या पक्ष्यांचे फोटो?

येथे डीएसएलआर पुढे आहे. त्याच्या व्ह्यूफाइंडरमधून आपण आरशावरून आलेले खरे दृश्य पाहतो, त्यामुळे त्यात विलंब नसतो. शिवाय फोकससाठी वेगळा सेन्सर असल्यामुळे लेन्स कोणत्या दिशेला फिरवायची हे त्याला एकदम कळते. सुपरझूम बहुधा चित्राची स्पष्टता मागेपुढे करून तपासत फोकस शोधतो, आणि तोवर घार चौकटीबाहेर गेलेली असते. पी९०० सेकंदाला ७ फोटो काढतो, पण ७ फोटोंनंतर ते कार्डावर लिहून होईपर्यंत थांबून राहतो.

तथापि प्राथमिक डीएसएलआरकडूनही चमत्काराची अपेक्षा ठेवू नये. कॅनन १५००डी मध्ये ९ फोकसबिंदू आहेत, वेग सेकंदाला ३ फोटो; निकॉन डी३५०० मध्ये ११ बिंदू आणि ५ फोटो. घार, बगळे, रोहित यांच्यासारखे संथ उडणारे मोठे पक्षी त्यांना झेपतात. वेड्या राघूची झेप टिपायला या वर्गातला कोणताही कॅमेरा अपुरा पडतो.

झूम केल्यावर पक्षी सापडतच नाही. काय करावे?

बऱ्याच सुपरझूम कॅमेऱ्यांना लेन्सच्या बाजूला एक बटण असते. ते दाबून धरले की झूम क्षणभर मागे येतो, पक्षी शोधून बटण सोडले की पुन्हा पुढे जातो. हे बटण सवयीचे होईपर्यंत घराच्या गच्चीवरून कावळ्यांवर सराव करावा. ज्या सुपरझूमला हे बटण आणि डोळ्याला लावायचा व्ह्यूफाइंडर नाही, तो पक्ष्यांसाठी घेऊ नये. हात पुढे ताणून पडद्यात पाहत १००० मिमी स्थिर धरता येत नाही.

घरातली लहान मुले, लग्नकार्य, शाळेचे स्नेहसंमेलन यांसाठी?

डीएसएलआर, आणि त्याच्यासोबत ५० मिमी एफ/१.८ ची लेन्स. कॅननची या प्रकारची लेन्स २०१५ मध्ये नव्या रूपात आली आणि या वर्गात तिच्याइतके पैसे वसूल करून देणारी वस्तू माझ्या पाहण्यात नाही. निकॉनच्या प्राथमिक कॅमेऱ्यांवर ३५ मिमी एफ/१.८ जी घ्यावी, कारण खोलीत ५० मिमी अनेकदा फार जवळची वाटते. निकॉन डी३५०० च्या अंगात फोकसची मोटर नाही, त्यामुळे मोटर लेन्समध्येच आहे याची खात्री करावी. जुन्या, मोटर नसलेल्या एएफ-डी लेन्स स्वस्त मिळतात, पण त्यावर हाताने फोकस करावा लागतो.

एफ/१.८ चे छिद्र किट लेन्सच्या, म्हणजे कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या १८-५५ च्या, एफ/५.६ पेक्षा सुमारे दहापट प्रकाश आत घेते. बारशाच्या दिवशी पाळण्यातल्या बाळाचा फोटो फ्लॅश न मारता निघतो, तो यामुळे. ज्यांनी डीएसएलआर घेतला आणि वर्षानुवर्षे त्यावरची १८-५५ लेन्स काढलीच नाही, त्यांनी निम्मा कॅमेराच विकत घेतला असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

स्नेहसंमेलन हा सर्वांत अवघड विषय आहे, कारण मूल दूर असते, हलत असते आणि रंगमंचावर उजेड कमी असतो. ५५-२५० लेन्स, आयएसओ ६४०० आणि सेकंदाच्या २०० व्या हिश्श्याच्या आसपास शटर ठेवल्यास डीएसएलआर वेळ निभावून नेतो. पहिल्या दोन रांगांत जागा मिळवणे हा त्याहून मोठा उपाय.

मागची बाजू धूसर असलेले चेहऱ्यांचे फोटो सुपरझूममधून येतात का?

विषय दूर आणि मागची पार्श्वभूमी आणखी दूर असेल, तर पूर्ण झूमवर येतात. समोर दोन मीटरवर बसलेल्या माणसाच्या बाबतीत नाही. धूसरपणा छिद्राच्या प्रत्यक्ष व्यासावर अवलंबून असतो. ५० मिमी एफ/१.८ ला तो सुमारे २८ मिमी असतो, तर सुपरझूमवर तेवढ्याच चौकटीसाठी जेमतेम ३ ते ४ मिमी. मोबाइलमध्ये धूसरपणा आकडेमोड करून तयार केला जातो, तसा बहुतेक सुपरझूम करत नाहीत.

कास पठारावरच्या फुलांसाठी?

येथे सुपरझूम अनेकांना चकित करतो. पी९०० च्या रुंद टोकाला जवळून फोटो काढण्याची सोय १ सेंमीपर्यंत आहे आणि एसएक्स७० ला तर लेन्सला फूल टेकेपर्यंत. लहान सेन्सरमुळे स्पष्ट दिसणाऱ्या भागाची खोलीही भरपूर मिळते, म्हणजे पुढचे तेरड्याचे फूल आणि त्यामागे पसरलेला फुलांचा गालिचा दोन्ही ओळखता येतात. किट लेन्सने २५ सेंमीच्या आत जाता येत नाही. एकट्या फुलाचे धूसर पार्श्वभूमीवरचे चित्र हवे असेल, तर डीएसएलआरची ५५-२५० लेन्स थोड्या अंतरावरून वापरावी, त्यात पठारावर पाऊलही आत टाकावे लागत नाही.

चंद्राचे फोटो कशाने चांगले येतील?

सुपरझूमने. सेन्सरवरची चंद्राची प्रतिमा नाभीय अंतराच्या सुमारे ११० व्या भागाइतकी असते. पी९०० वर ती सव्वातीन मिमी, म्हणजे साडेचार मिमी उंचीच्या चौकटीचा सत्तर टक्के भाग. डीएसएलआरच्या २५० मिमी लेन्सवर ती सव्वादोन मिमी, म्हणजे पंधरा मिमी उंचीतला जेमतेम सातवा भाग. पौर्णिमेपेक्षा अष्टमीच्या आसपास फोटो काढावा; तिरप्या उन्हात विवरांच्या सावल्या उठून दिसतात.

मेगापिक्सेल किती असावेत?

आज विकत मिळणाऱ्या प्रत्येक कॅमेऱ्यात पुरेसे असतात. या आकड्यावरून निवड करू नये.

रॉ स्वरूपातले फोटो काढता यायला हवेत का?

रॉ म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेला फोटो. प्रत्येक डीएसएलआरमध्ये ते येतात. सुपरझूममध्ये मात्र तपासून घ्यावे: पी९०० मध्ये ही सोय नाही, २०२० चा त्याचा पुढचा अवतार पी९५० आणि एसएक्स७० यांत आहे. लहान सेन्सरच्या फोटोतला दाणेदारपणा कॅमेरा स्वतः पुसतो तेव्हा पिसेही पुसून टाकतो. रॉ फाइल संगणकावर सावकाश हाताळली तर त्यातले बरेच वाचवता येते. संगणकावर बसण्याची आवड नसेल तर या सोयीसाठी अधिक पैसे देण्याचे कारण नाही.

वजनाच्या दृष्टीने सुपरझूम हलका असतो ना?

दरवेळी नाही. एसएक्स७० सुमारे ६१० ग्रॅमचा आहे, पी९०० सुमारे ९०० ग्रॅमचा, आणि पी१००० जवळजवळ १ किलो ४०० ग्रॅमचा. कॅनन २००डी मार्क २ हा डीएसएलआर ४४९ ग्रॅमचा आहे. त्यात १८-५५ आणि ५५-२५० या दोन्ही लेन्स धरल्या तरी बेरीज साधारण १ किलो होते. म्हणजे पी१००० हा दोन लेन्सच्या डीएसएलआरपेक्षा जड आहे. खिशात मावणारा हवा असेल, तर सुमारे ३०० ग्रॅमचा आणि ९६० मिमीपर्यंत जाणारा कॅनन एसएक्स७४० एचएस पाहावा, पण त्याला डोळ्याला लावायचा व्ह्यूफाइंडर नाही.

बॅटरीत डीएसएलआर बराच पुढे आहे. निकॉन डी३५०० एका चार्जमध्ये सुमारे १५५० फोटो देतो असे कंपनी सांगते. पी९०० साठी हा आकडा ३६० आहे. हरिश्चंद्रगडासारख्या मुक्कामाच्या ट्रेकला सुपरझूम नेताना दुसरी बॅटरी लागतेच.

पावसाळ्यात आणि कोकणात कॅमेरा कसा सांभाळावा?

या वर्गातले दोन्ही प्रकारचे कॅमेरे पाणीरोधक नाहीत. वारीत किंवा घाटात पाऊस येताच पिशवीत गेले पाहिजेत. पण आपल्याकडे कॅमेरे पावसाने जितके बिघडतात त्याहून जास्त बुरशीने बिघडतात. कोकणात, मुंबईत आणि गोव्यात जून ते सप्टेंबर कॅमेरा कपाटात, चामड्याच्या पिशवीत ठेवला, तर लेन्सच्या आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी चढते आणि मुळातली चकाकी खाते. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या आणि लहानसा आर्द्रतामापक एवढे पुरते. आर्द्रता चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या दरम्यान ठेवावी. कॅमेरा आठवड्यातून एकदा बाहेर काढून वापरणे हाही चांगला उपाय आहे.

धुळीच्या बाबतीत मतभेद आढळतात. ताडोबाच्या रस्त्यांवर जिप्सीत बसून लेन्स बदलली तर डीएसएलआरच्या सेन्सरवर धूळ बसते, हे खरे. पण ती हवेच्या फुग्याने उडवता येते. सुपरझूमची नळी पुढेमागे होताना हवा आत ओढते, आणि तिच्यासोबत गेलेली धूळ काढायला कॅमेरा उघडावा लागतो. माझ्या स्वतःच्या सुपरझूममध्ये असा एक डाग तीन वर्षांनी उमटला आणि दुरुस्तीचा खर्च ऐकून मी तो तसाच ठेवला.

व्हिडिओसाठी कोणता बरा?

उन्हात आणि दूरच्या विषयासाठी सुपरझूम. कॅनन १५००डी फुल एचडीच्या वर जात नाही. २००डी मार्क २ मध्ये ४के आहे, पण त्या वेळी चौकट आणखी कापली जाते आणि फोकस मंदावतो.

एक इंची सेन्सरचे सुपरझूम हा मधला मार्ग आहे का?

होय, आणि खिसा परवानगी देत असेल तर मला सर्वाधिक पटलेला मार्ग. या सेन्सरचे माप १३.२ × ८.८ मिमी असते, लहान सेन्सरच्या सुमारे चौपट. २०१७ चा सोनी आरएक्स१० मार्क ४ ६०० मिमीपर्यंत जातो आणि तेथेही छिद्र एफ/४ ठेवतो. त्याचा फोकसही वेगवान आहे. पॅनासॉनिकचा २०१४ चा एफझेड१००० ४०० मिमीपर्यंत जातो आणि जुन्या बाजारात मिळाल्यास अवश्य पाहावा. आरएक्स१० ची किंमत मात्र प्राथमिक डीएसएलआरच्या कितीतरी पुढे जाते, त्यामुळे तो ‘पहिला कॅमेरा’ क्वचितच ठरतो.

डीएसएलआर आता बंद होत चालले आहेत. तरी घ्यावा का?

कॅनन आणि निकॉन या दोघांनी २०२० नंतर नवा डीएसएलआर आणलेला नाही. दोघांचेही सारे लक्ष आरसा नसलेल्या, म्हणजे मिररलेस कॅमेऱ्यांकडे आहे. नवा कॅमेरा घेण्याइतके पैसे असतील तर कॅनन आर५० किंवा निकॉन झेड५० मार्क २ सारखा मिररलेस घेणे अधिक शहाणपणाचे. वर डीएसएलआरबद्दल सांगितलेले सेन्सरचे आणि लेन्सचे सगळे हिशेब त्यांनाही तसेच लागू पडतात.

पण डीएसएलआरची घेतलेली लेन्स वाया जात नाही. कॅननच्या ईएफ आणि ईएफ-एस लेन्स अडॅप्टर लावून त्यांच्या मिररलेसवर फोकससह चालतात. निकॉनच्या मोटर असलेल्या लेन्सही. आणि लोक मिररलेसकडे वळल्यामुळे जुने डीएसएलआर आज चांगल्या अवस्थेत, कमी किमतीत मिळू लागले आहेत. विद्यार्थ्याने शिकण्यासाठी असा एक जुना डीएसएलआर आणि ५० मिमी लेन्स घेणे मला आजही योग्य वाटते.

जुना कॅमेरा घेताना काय पाहावे?

डीएसएलआरचे शटर आजवर किती वेळा उघडले गेले हा आकडा विचारावा. लेन्स डोळ्यासमोर धरून मोबाइलचा टॉर्च पलीकडून मारावा. बुरशी असेल तर धाग्यांसारखी दिसते, आणि असली लेन्स कितीही स्वस्त असली तरी घरी आणू नये. सुपरझूमच्या बाबतीत झूम पूर्ण पुढे नेऊन मागे आणावा, नळी अडखळते का किंवा खरखरते का ते ऐकावे, आणि मोकळ्या आकाशाचा फोटो काढून त्यात काळे डाग आहेत का ते पाहावे. प्रत्यक्ष हाताळून न पाहता, फोनवरच्या छायाचित्रांवरून जुना सुपरझूम कधीही घेऊ नये.

अजूनही ठरत नसेल तर?

मोबाइलमधले गेल्या वर्षभरातले फोटो चाळावेत आणि जे फोटो बिघडले त्यांच्यापुरते दोन ढीग करावेत: विषय फार लहान आला म्हणून बिघडलेले, आणि उजेड कमी होता किंवा विषय हलला म्हणून बिघडलेले. पहिला ढीग मोठा निघाला तर सुपरझूम घ्यावा. दुसरा मोठा निघाला तर डीएसएलआर किंवा मिररलेस घ्यावा, आणि दोन लेन्सच्या जोडसंचाऐवजी किट लेन्ससोबत ५० किंवा ३५ मिमीची एक लेन्स मागून घ्यावी. दोन्ही ढीग लहानच असतील तर तूर्त कॅमेरा घेण्याची घाई नको. ते पैसे भिगवणच्या होडीसाठी आणि एका चांगल्या दुर्बिणीसाठी ठेवावेत.